फितूर शिवलकरांचा पहारा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर आंबे साठवायचा मांगर आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, कोपऱ्यात गेल्या हंगामातला पेंढा आणि भिंतीला टेकवून रचलेल्या रिकाम्या पेट्या. मधोमध पेट्यांवरच फळी टाकून केलेलं टेबल. त्यावर हाताने काढलेला एका गडाचा नकाशा, रंगीबेरंगी फासे आणि चिवड्याचं ताट. रविवारची दुपार आहे. कौलांत बसवलेल्या काचेतून उन्हाचा एकच तिरका पट्टा खाली उतरलाय, आणि तो पडलाय नेमका एका म्हाताऱ्याच्या तोंडावर. पगार घेऊन काम करणाऱ्या प्रकाशवाल्यालाही इतकं नेमकं जमत नाही.

टेबलाभोवती पाच माणसं आहेत आणि कोणीही बोलत नाहीये. चौघं तरुण एकमेकांकडे बघतात, मग हळूहळू, ठरवून केल्यासारखे, सगळे त्या म्हाताऱ्याकडे बघतात.

त्याचं नाव दादू शिवलकर. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. वय सत्तरीला टेकलेलं, अंगाने सडपातळ, आवाज मात्र अजून मांगराच्या कौलांना हादरा देणारा. लहानपणी आंब्यावरून पडून डाव्या भुवईला खोक पडली होती. ती भरताना भुवई जी वर चढली, ती पुन्हा खाली आलीच नाही. त्यामुळे दादू नुसता चहा पीत बसला तरी कटात सामील असल्यासारखा दिसायचा.

या भुवईने त्याचं आयुष्य ठरवलं. गावच्या जत्रेत दरवर्षी ऐतिहासिक नाटक व्हायचं. महाराज बदलायचे, सेनापती बदलायचे, मुंबईहून चाकरमानी यायचे आणि हट्टाने चांगल्या भूमिका मागून घ्यायचे. फितूर सरदार मात्र कायम दादूकडे. नाटक कोणतंही असो, त्यात एक फितूर असायचाच, आणि नसला तर दादूसाठी घातला जायचा. तो काम असं करायचा की पुढच्या रांगेतल्या बायका बोटं मोडायच्या. शेवटच्या अंकात तो मरायचा तेव्हा टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला जायचा. एखाद्या नटाला आणखी काय हवं?

पण त्या टाळ्या तो मेला म्हणून असायच्या, हे दादूच्या मनात कुठेतरी खुपत राहिलं. जत्रा संपली तरी लोकांच्या नजरेतून फितूर उतरायचा नाही. वाण्याकडे गेला तर वाणी उगीच गल्ला पुढे ओढून घ्यायचा. त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या बापाने नेमकं ते नाटक पाहिलेलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, पण माणूस शेवटी कसा निघेल याची चौकशी करत तो बापडा अर्धा तालुका हिंडला. मुलगी म्हणजे काशी. ती आली, संसार केला, पण तीही कधी कधी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायची.

"एकदा इमानी माणसाचं काम मिळू दे," दादू कारखान्यात बर्फाच्या लाद्या ओढताना म्हणायचा. "एकदाच. पहारेकऱ्याचं दिलं तरी चालेल. भाला घेऊन उभा राहीन."

ते मिळालंच नाही. मंडळाची वर्गणी बंद झाली, नाटक बंद झालं. दादू म्हातारा झाला.

आता हा मांगर. तो बाळाशेठ सावंतांचा, दादूच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आंब्याचा हंगाम संपला की रिकामा पडतो. एका रविवारी दादू तिथून जात असताना आतून आरडाओरडा आला. "दरवाजा उघड, नाहीतर मुंडकं उडवतो!" पाठोपाठ एक बाईमाणूस शांतपणे म्हणालं, "दरवाजा उघडत नाही. आतून कोणीतरी हसतंय." दादूने कुंपणाची काठी उपटली आणि मांगरात शिरला. बघतो तर काय, बाळाशेठची मुलगी मृणाली आणि तिचे तीन दोस्त फळीभोवती चिवडा खात बसलेले.

"मुंडकं कोणाचं उडवताय?" दादूने काठी खाली न घेता विचारलं.

"काल्पनिक आहे, काका," मृणाली म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं. हा खेळ आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते बोलायचं. जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा सांगणार. बाकीचं सगळं जग, म्हणजे गड, जंगल, शत्रू, पाऊसपाणी, एकटी मृणाली चालवणार.

"म्हणजे संवाद पाठ नाहीत?" दादू म्हणाला.

"नाहीत."

"तालीम नाही?"

"नाही."

"आणि शेवट?"

"मलाही माहीत नाही."

दादूने काठी भिंतीला लावली आणि एक पेटी पुढे ओढली. "मला एक पहारेकरी द्या," तो म्हणाला.

असा तो त्या मंडळीत आला. मृणालीला बाकीचे 'मास्टर' म्हणायचे, दादू 'सूत्रधार' म्हणायचा. बाकीच्यांच्या पात्रांची नावं भारदस्त होती. मोबाईलचं दुकान चालवणारा हर्षद हा महामांत्रिक अग्निकेतू होता. कोणतीही अडचण आली की तो ती पेटवून द्यायचा. एकदा तर ज्या होडीत सगळे बसले होते तीच पेटवली. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करणारा ऋत्विक हा चोर होता, नाव निशाचर. खेळाचे नियम त्याला तोंडपाठ, आणि शत्रू सापडला नाही तर तो सोबत्यांच्याच पिशव्या मारायचा. ईशा दवाखान्यात रुग्णांना व्यायामोपचार द्यायची. खेळातही ती वैद्यच होती, तमालिका. हर्षदने भाजलेल्यांना मलम लावण्यात तिचा बहुतेक वेळ जायचा.

"काका, तुमच्या पात्राचं नाव?" मृणालीने विचारलं होतं.

"भिवा."

"एवढंच? आडनाव? पदवी?"

"पहारेकऱ्याला आडनाव कोण विचारतो? हाक मारतात."

पहिले काही रविवार झकास गेले. एका बंद दारापुढे ही मंडळी अख्खी दुपार वाद घालत बसायची. ऋत्विक म्हणायचा, बिजागरी तपासू. हर्षद म्हणायचा, पेटवू. ईशा म्हणायची, आधी ठोठावून तर बघू. दार मुळात उघडंच होतं, हे मृणालीने चहा आला तेव्हा सांगितलं. मृणालीची आई येसूबाई घावणे घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "पोचलात का गडावर?" उत्तर कायम "नाही" असायचं. नवरात्रात घरी घट बसले तेव्हा, हर्षद आणि ऋत्विक यायच्या आधी, त्या दारातूनच म्हणाल्या होत्या, "पोरींनो, कोणाला चालत नसेल तर पाणी प्यायला मागच्या दाराने या हां." त्यावर ईशा खळखळून हसली होती. "काकू, मी ते पाळत नाही. घरी आईशी भांडून बंद केलं. मला सगळे दिवस चालतं." येसूबाई घावण्यांचं ताट ठेवून आल्या पावली परत गेल्या. दादूला ती पोर तेव्हाच आवडली.

आणि मग आला तो रविवार, ज्याच्यावर आपला पडदा उघडला.

निवळगड नावाचा गड या मंडळींनी महत्प्रयासाने ताब्यात घेतला होता. आता काळा सरदार तो परत घ्यायला येत होता. पण यांनी जिथे दबा धरावा तिथे तो आधीच सावध. यांनी विहिरीत विष टाकावं, तर त्याची माणसं पाणी सोबत घेऊन आलेली. हर्षद चिडला. "मास्टर, तू आमचं बोलणं ऐकून शत्रूला हुशार करतेयस. ही चीटिंग आहे."

मृणालीने फासे गोळा केले आणि म्हणाली, "मी काही करत नाहीये. तुमच्यातला एक जण विकला गेलाय. कोण ते त्याला माहीत आहे. त्याला मी फोनवर कळवलंय."

तेव्हा ती शांतता पसरली. तेव्हा चौघांनी दादूकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" दादू म्हणाला. भुवई अर्थातच वर होती.

"नाही, सहज," हर्षद म्हणाला, आणि नकाशा स्वतःकडे ओढून घेतला. अगदी वाण्याच्या गल्ल्यासारखा.

"काकांना फोनवर मेसेज वाचता येतात का पण?" ऋत्विकने कुजबुजत विचारलं.

"येतात," दादू म्हणाला. "आणि कानालाही ऐकू येतं."

"बघ! लक्ष ठेवून आहेत," हर्षद म्हणाला.

"अरे, काय हे," ईशा मध्ये पडली. "काका नाहीयेत. माझा काकांवर पूर्ण विश्वास आहे." तिने दादूच्या हातावर हात ठेवला. दादूला बरं वाटलं, आणि त्याच वेळी मनात कुठेतरी, तालमीत चुकीच्या जागी टाळी पडावी तसं काहीतरी खटकलं. त्याने ते झटकून टाकलं.

संध्याकाळी तो घरी आला तर काशी अंगणात भाताच्या पेंढ्या सारत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवून त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"खरं सांगा हां. तुम्हीच ना तो?"

"काशी! मी पहारेकरी हाय."

"तुम्ही काय, महाराजांचा भाऊ होतात तेव्हाही असंच बोलायचात."

पुढच्या रविवारपासून खेळ बिघडला. आधी ही पोरं एका ताटात हात घालून चिवडा खायची. आता प्रत्येकाने आपापली वाटी आणली. फोन उलटे ठेवायचे की सुलटे, यावर वाद झाला. सुलटे ठेवले तर मेसेज दिसेल, उलटे ठेवले तर लपवतोय म्हणायचे. ऋत्विक भिंतीला पाठ लावून बसू लागला. हर्षद मनातली युक्ती मोठ्याने बोलायचा नाही, आणि त्याला मनातल्या मनात बेत करायची सवय नसल्यामुळे त्याचं डोकं दुखायला लागलं. शेवटी त्यांनी ठरवलं की गडाच्या बचावाचा बेत बाहेर विहिरीच्या कठड्यावर बसून करायचा.

"काका, तुम्ही जरा सामानाकडे लक्ष ठेवा," हर्षद म्हणाला.

"मी गडाचा पहारेकरी हाय. बचावाचं मला नको कळायला?"

"म्हणूनच," ऋत्विक म्हणाला. "पहारेकरी पहाऱ्यावर पाहिजे."

सगळे बाहेर गेले. दादू एकटा पेट्यांमध्ये बसून राहिला. खेळच होता, त्यालाही कळत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात इमानी माणसाचं काम आलं होतं, आणि तिथेही लोक त्याच्या नजरेपासून नकाशा लपवत होते. एक काम एकदा अंगाला चिकटलं की ते धुतलंच जात नाही का? उन्हाचा पट्टा तोंडावरून सरकून पेंढ्यावर गेला तोवर तो तसाच बसून होता.

मग मात्र त्याच्यातला जुना नट उठून बसला. फितूर कसा वागतो, हे या पोरांना काय माहीत? फितूर कधी फितुरासारखा दिसत नाही. दादू स्वतः ती कामं करायचा तेव्हा पहिल्या अंकात सगळ्यांत लवून मुजरा त्याचाच असायचा. त्या नजरेने त्याने एकेकाला तपासायला घेतलं. ऋत्विक चोर, पण तो सगळ्यांदेखत चोरतो. हर्षदच्या पोटात काही राहतच नाही. मृणालीवर सुद्धा त्याला संशय आला. कोणीच विकलं गेलेलं नसेल आणि ही पोर आपली गंमत बघत असेल तर?

त्याने ठरवलं, याचा निकाल आपल्या पद्धतीने लावायचा.

पुढच्या खेपेला तो आला तो आपल्या परसातला, शेंडी राखून सोललेला नारळ घेऊन. शेंडी वर करून त्याने तो नकाशाच्या मधोमध, बरोबर निवळगडावर ठेवला.

"हे काय?" मृणालीने विचारलं.

"गाऱ्हाणं घालतो. प्रत्येकाने नारळावर हात ठेवून सांगायचं, मी विकला गेलेलो नाही."

"नियमावलीत नारळ नाही," ऋत्विक म्हणाला.

"ती नियमावली रत्नागिरीत लिहिली नाय."

मृणालीच्या तोंडावर हसू आणि घाबरणं एकदमच आलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "चालेल. पण सक्ती नाही."

दादू उभा राहिला. हात जोडले, आवाज छातीतून काढला. "बा देवा महाराजा! ही पोरं आज इथं गड राखायला बसलीत. यांच्यात कोणी खोटा असेल, कोणाच्या मनात काळंबेरं असेल, ते उघड्यावर आण रे महाराजा!"

"होय महाराजा!" चौघांच्या तोंडून आपोआप निघालं, अगदी नियमावलीवाल्याच्याही. लहानपणापासूनची सवय, तिला काय करणार?

पहिला हर्षद. त्याने डोळे घट्ट मिटले, नारळाला हात लावला आणि म्हणाला, "मी नाही. होडी पेटवली ती चूक होती, पण मुद्दाम नाही."

"ते कोणी विचारलं?" ऋत्विक म्हणाला. त्याची पाळी आल्यावर त्याने मुद्दा काढला, "शपथ मी घ्यायची की माझ्या पात्राने?"

"पात्राला हात कुठे हायेत? हात तुझा."

"मी असलं काही मानत नाही."

"मग ठेवायला काय हरकत?"

ऋत्विकने हात ठेवला. "नाही. मी नाही." हात काढला आणि जरा वेळाने, कोणी विचारलं नसताना, पुन्हा म्हणाला, "खरंच नाही हां."

मग ईशाची पाळी. तिचा हात निम्म्या वाटेवर आला आणि थांबला. "मी नाही लावत," ती खाली बघत म्हणाली. "मला… आज चालत नाही."

हर्षदने एकदम कौलांकडे पाहिलं. ऋत्विकला फाशांमध्ये काहीतरी शोधायचं होतं. "हो हो, राहू दे, काही प्रश्न नाही," दोघं एकाच वेळी बोलले आणि लाल झाले. विषय तिथेच मिटला.

फक्त दादूची भुवई, जी आधीच वर होती, ती आणखी थोडी वर गेली. सगळे दिवस चालणारी पोर ही. आईशी भांडलेली. देव, विटाळ, काही न मानणारी. पण नारळावर हात ठेवून खोटं बोलायचं म्हटल्यावर, खेळातलं खोटं असलं तरी, तिचा हात पुढे जाईना. कुठेही शिकली, काहीही सोडलं, तरी पोर इथलीच. आणि ज्या गोष्टीसाठी ती घरात भांडली, तिच्याच आड येऊन लपली.

दादूने शेवटी स्वतः दोन्ही हात नारळावर ठेवले. "भिवा विकला गेलेला नाय."

हर्षदने नारळाकडे पाहिलं, दादूच्या भुवईकडे पाहिलं. मग हर्षद अवघडून म्हणाला, "काका, राग मानू नका. पण तुम्ही नट. तुम्ही नारळावर पण अभिनय कराल."

दादू काही बोलला नाही. बोलायला त्याच्याकडे एकच वाक्य होतं. 'हिला विचारा, नवरात्रात काय म्हणाली होती.' तेवढं म्हटलं की तो सुटला असता. पण दोन पोरांसमोर एका पोरीची असली गोष्ट फळीवर मांडायची? खेळातला पहारेकरी सुटला असता, पण मांगरातून घरी जाणारा दादू शिवलकर खरोखरचा हलका माणूस झाला असता. त्याने नारळ उचलून पिशवीत टाकला.

"चला," तो म्हणाला. "खेळ सुरू करा."

निकराची वेळ आली होती. काळा सरदार गडाखाली पोचला होता. महादरवाजा भक्कम होता. भीती होती ती मागच्या दिंडीची. दिंडी म्हणजे एक माणूस वाकून जाईल एवढा चोरदरवाजा. तिची किल्ली एकच.

"किल्ली कोणाकडे?" मृणालीने विचारलं.

"माझ्याकडे," हर्षद म्हणाला.

"तू ती वितळवशील," ऋत्विक म्हणाला. "मी ठेवतो."

"चोराकडे किल्ली? वा!"

"भिवाकडे द्या," ईशा म्हणाली. "मी सांगते ना, माझा विश्वास आहे. पहाऱ्याचं काम त्याचंच आहे." मग दादूकडे वळून, मायेने, "आणि काका, थंडी असेल वर. तमालिका तुम्हाला गरम काढा आणून देईल."

दादू पेटीवर सरळ होऊन बसला. हा प्रवेश त्याला ठाऊक होता. तो त्याने स्वतः कितीतरी जत्रांत केला होता! पहारेकऱ्याला दूध आणून द्यायचं, तो झोपला की कमरेची किल्ली काढायची, दार उघडायचं, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी आपणच ओरडायचं, 'पहारेकरी फितूर!' आणि इथे तर पहारेकऱ्याबद्दल कोणाला शंकाच नव्हती. तो फितूर आहे हे सगळ्यांचं आधीच ठरलेलं. किती सुंदर बेत! त्याला त्या पोरीचं मनापासून कौतुक वाटलं.

हर्षद आणि ऋत्विकने एकमेकांकडे पाहिलं. दोघांचा एकमेकांवर इतका अविश्वास होता की शेवटी, काकांवर निदान दोघांचीही नजर राहील या हिशेबाने, किल्ली दादूकडेच आली.

"काढा ठेव बाय तिथे," दादू म्हणाला. "भिवा पहाऱ्यावर काही पीत नाय." मग मृणालीकडे वळून, "सूत्रधार, दिंडीचं कुलूप दोन्ही अंगांनी फिरतं?"

मृणालीने नकाशा बघितला. "फिरतं."

"बरं. भिवा दिंडी उघडतो. बाहेर जातो. बाहेरून कुलूप लावतो. आणि किल्ली खाली खंदकात टाकतो."

मृणालीने नकाशावरून मान वर केली.

"काका, मग तुम्ही आत कसे येणार?" ऋत्विकने विचारलं.

"नाय येणार."

"अहो, पण बाहेर अख्खं सैन्य आहे!"

"म्हणून तर बाहेर गेलो. दाराच्या आत उभं राहून काय राखायचं?"

हर्षदचा हात चिवड्याच्या वाटीत तसाच राहिला. हळूहळू त्याला काहीतरी उमगत होतं, आणि त्याच्या पोटात काही राहत नसल्यामुळे ते लगेच तोंडावाटे बाहेर आलं. "म्हणजे तुम्ही नाही? काका, तुम्ही खरंच नाही?"

"फासे टाकू का?" दादू म्हणाला.

आणि मग जे झालं ते बघायला प्रेक्षागृह हवं होतं. दिंडीपुढची वाट अरुंद, एका वेळी दोघांनाच येता येईल अशी. भिवा भाला रोवून उभा. दादू पेटीवरून उठून दाराशी उभा राहिला, हातात कुंपणाची तीच जुनी काठी. फासा चांगला पडत गेला तोवर त्याने शत्रू मागे रेटला. हर्षदने तटावरून आग टाकली. पहिल्यांदाच योग्य ठिकाणी. निशाचराने आजवर सगळ्यांकडून चोरलेला दोर बाहेर काढला आणि खाली सोडला.

"काका, धरा!" ऋत्विक उभा राहून ओरडला. नियमावली खाली पडली होती.

"दोर वर घे रे मेल्या! मी चढेन तसे तेही चढतील!"

तेवढ्यात मृणाली हलक्या आवाजात म्हणाली, "गडाखाली शंख वाजतो. ही खूण आहे. तमालिका, तू काय करतेस?"

सगळे वळले. ईशाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"तमालिका दिंडीशी आलीय," ती बोटांआडून म्हणाली. "उघडायला. पण… किल्ली नाही."

"तू?" हर्षद किंचाळला. "तू?"

"मी म्हटलं नव्हतं?" ऋत्विक म्हणाला.

"तू काकांचं नाव घेतलं होतंस!" हर्षद त्याच्यावर उसळला.

"गप्प बसा रे," दादू दारातून गरजला. "इथे माणूस मरतोय."

पुढचा फासा वाईट पडला. फळीवरून घरंगळत पेंढ्यात गेला. मृणालीने तो पटकन उचलला. "खाली पडला, धरत नाही. पुन्हा टाका, काका." तिचे डोळे भरले होते.

"पडला तो पडला," दादू म्हणाला.

मग तो मेला. आयुष्यभर तो कट उघडा पडल्यावर, गुडघ्यावर येऊन, हात पसरून, खूप मोठं भाषण करून मरत आला होता. आज तसं काही केलं नाही. काठीच्या आधाराने खाली बसला, दाराला पाठ टेकवली आणि म्हणाला, "दार बंद हाय." एवढंच. मान कलली.

एकही टाळी वाजली नाही. हर्षद नाक ओढत म्हणाला, "पेंढ्याची धूळ फार आहे इथे." मग त्याने स्वतःची चिवड्याची वाटी मधल्या ताटात रिकामी केली. ऋत्विकनेही केली.

दादूने एक डोळा उघडून ते पाहिलं आणि पुन्हा मिटला. अजून थोडं मेलेलं राहावंसं वाटत होतं.

निघताना ईशा त्याच्या मागोमाग कुंपणापर्यंत आली. "काका," ती म्हणाली, "नारळाच्या वेळी ओळखलंत ना? मग बोलला का नाहीत?"

"त्याच्या आधी ओळखलं, बाय. तू माझी बाजू घेतलीस ना, तेव्हाच खटकलं. एवढे जन्म फितूर झालो, खऱ्या माणसाने माझी बाजू कधी घेतली नाय." तिच्या डोक्यावर त्याने टपली मारली. "काम झकास केलंस. काढा जरा घाईने आणलास, तेवढं सांभाळ."

गप्प का राहिला, ते त्याने सांगितलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही, पण बराच वेळ कुंपणाशी उभी होती.

घरी काशी ओटीवर वाट बघत होती. चहा आधीच तयार होता. त्याने चप्पल काढायच्या आत गडाची, किल्लीची, दोराची सगळी हकीकत सांगून टाकली, मरणाचा प्रवेश तर दोनदा करून दाखवला. काशीने शांतपणे ऐकून घेतलं, चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मला ठाऊकच होतं. तुम्ही नसणार. माझा पहिल्यापासून विश्वास होता हो तुमच्यावर."

दादूचा कप ओठाशी जाता जाता थांबला. भुवई वर गेली. त्याने चहाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा चहाकडे.

"काशी," तो म्हणाला, "खरं सांग हां. तुला नेमकं काय हवंय?"